कपाटावरची तारीख

चि. उत्पला हिस,
सप्रेम जयभीम.

मी, जयदेव कोंडाजी शेजवळ, वय चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्यात हिशेब विभागाचा प्रमुख, राहणार बेलवली, बदलापूर पश्चिम, आणि नात्याने तुझा थोरला मामा, हे पत्र तुझी खुशाली विचारण्यासाठी लिहीत नसून एका प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी लिहीत आहे. खुशालीही कळव.

तू हिरामणच्या पुण्यानुमोदनाला आलीस आणि परीक्षेमुळे लगेच नागपूरला परत गेलीस. त्यामुळे तुझ्या धाकट्या मामाच्या शेवटच्या दिवसांचा वृत्तांत तुला तुकड्यातुकड्यांनी, आणि बहुधा तुझ्या आईच्या रडण्यातून, कळला असेल. तो मी क्रमाने देतो.

नऊ ऑगस्टला, शनिवारी, उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या फर्निचरच्या कारखान्यात दाराला पॉलिश मारता मारता हिरामण खाली बसला आणि आडवा झाला. मेंदूत रक्तस्राव. तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून त्याला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे त्याला श्वासाचे यंत्र लावले. मंगळवारी, बारा तारखेला संध्याकाळी, चार डॉक्टरांनी मला एका खोलीत बसवून सांगितले की त्यांनी ठराविक तपासण्या दोनदा केल्या असून हिरामणचा मेंदू मृत झाला आहे, आणि कायद्याने याचा अर्थ हिरामण मृत झाला आहे. त्यानंतर तिथल्या समाजसेविकेने मूत्रपिंडे दान करण्याविषयी विचारले. मी तुझ्या धाकट्या मामीला, चांगुणाला, विचारले. तिने मान हलवली. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी, तेरा तारखेला सकाळी, त्याला शस्त्रक्रियेसाठी नेण्यापूर्वी चांगुणाला आत सोडले. ती त्याच्याजवळ काही वेळ होती. दुपारनंतर देह आमच्या ताब्यात आला.

आता अडचण अशी. हिरामणच्या सोबत्यांनी त्याच्या स्मरणार्थ कॅम्प पाचच्या विहाराला पुस्तकांचे एक कपाट करून देण्याचे ठरवले आहे. सागवानी आहे, काम चांगले आहे. सहा डिसेंबरला ते विहारात द्यायचे आहे. दारावर ‘कालकथित हिरामण कोंडाजी शेजवळ यांच्या स्मरणार्थ’ असे लिहून खाली तारीख घालायची आहे. धोंडिबा मिस्त्री मला म्हणाले, "साहेब, मी ब्रश घेऊन उभाय. बारा का तेरा, एवढं बोला." रुग्णालयाच्या दाखल्याप्रमाणे मी बारा सांगितली. चांगुणा शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "तेरा तारखेला सकाळी त्यांची छाती वरखाली होत होती. हात गरम होता. मी बोट हातात दिलं तर त्यांनी धरलं. त्या माणसाला तुम्ही आदल्या दिवशीच मेलेला कसा म्हणालात, दादा?"

मी धोंडिबांना थांबायला सांगितले. ती त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. त्या दोघांना मूल नाही हे तू जाणतेस. तिला माहेरचेही कोणी उरलेले नाही. तिने माझ्याशी न बोलणे म्हणजे तिने कोणाशीच न बोलणे आहे.

माझा प्रश्न: तेरा तारखेच्या सकाळी हिरामण जिवंत होता की मृत? तू या शास्त्राचा अभ्यास करीत आहेस. एका शब्दात उत्तर दिलेस तरी चालेल. कारणे दिलीस तर अधिक बरे.

तुझा मामा,
जयदेव कोंडाजी शेजवळ
बेलवली, बदलापूर (प.)
५ सप्टेंबर १९९७


मुलींचे वसतिगृह, नागपूर
१४ सप्टेंबर १९९७

प्रिय मामा,
जयभीम!

तुम्ही कोण आहात हे मला माहीत आहे हो! तुमच्या पत्राचा पहिला परिच्छेद माझ्या रूममेटने मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "हे मामा आहेत की वकिलाची नोटीस?" रागावू नका. हिरामणमामा असते तर तेही हसले असते.

मला वाटलं होतं काहीतरी अवघड विचारलं असेल. हे तर आमच्या न्यायवैद्यक शास्त्राच्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच आहे. मागच्याच आठवड्यात पाठ केलंय. मृत्यू म्हणजे हृदयाचं, श्वासाचं आणि मेंदूचं काम कायमचं थांबणं. तिन्ही. एक जरी चालू असेल तर मृत्यू पूर्ण झालेला नाही. मामांचा मेंदू मंगळवारी गेला, पण हृदय बुधवारी थांबलं. म्हणजे पुस्तकाप्रमाणे मामींचंच बरोबर. तेरा तारीख लिहा.

दाखल्यावर बारा का, ते मला माहीत नाही. मोठ्या हॉस्पिटलात कारकून काय वाट्टेल ते लिहितात. पण एका तारखेवरून तुम्ही दोघं अबोला कसला धरता? धोंडिबांना तेरा लिहायला सांगा, मामींना म्हणावं तुम्ही जिंकलात, आणि चहा प्या.

माझी खुशाली: बरी आहे. फॉर्मालिनचा वास आता जेवणालाही येत नाही. पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये ज्या देहावर शिकलो त्याचं नावही आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आता मामांच्या नावाचं कपाट होणार हे ऐकून बरं वाटलं. आईला सांगा, थंडी सुरू झाली की गोधडी पाठव.

तुमची उत्पला


चि. उत्पला हिस,
सप्रेम जयभीम.

तुझे पत्र मिळाले. काल रविवारी मी ते घेऊन कॅम्प पाचला गेलो. तुझे उत्तर मी आधी घरी वाचले होते आणि ते माझ्याविरुद्ध जाणारे आहे हेही मला दिसले होते. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे आलेले उत्तर, आपल्याला सोयीचे नाही म्हणून, मागे ठेवणे मला योग्य वाटले नाही. मी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवले. वकिलाच्या नोटिशीसकट.

चांगुणा ओट्यावर तांदूळ निवडत होती. शेजारच्या सिंधी बाई, पुष्पाभाभी, दारात बसल्या होत्या. पत्र संपले. मग पुष्पाभाभी म्हणाल्या, "सांस चल रही थी, दिल चल रहा था, तो आदमी जिंदा ही हुआ ना, भैया? डॉक्टर लड़की ने खुद लिखा है."

चांगुणाने सूप खाली ठेवले.

"जिवंत होते," ती म्हणाली. "तुमच्याच भाचीनं लिहिलंय. पुस्तकात आहे म्हणती. आणि तुम्ही सही केली."

मी म्हणालो, "मी तुला विचारले होते. तू मान हलवलीस."

"मी त्या दिवशी सगळ्यालाच मान हलवत होते, दादा. पाणी पिणार का म्हणलं तरी हलवत होते. घरी चला म्हणलं तरी हलवत होते. तुम्ही शिकलेले, तुम्हाला नको होतं कळायला?"

पुष्पाभाभींनी तिला उगी केले. मी निघालो तेव्हा ती आतूनच म्हणाली, "सहा डिसेंबरला तुम्ही विहारात येऊ नका. कपाट मी देईन."

उत्पला, तुला एक गोष्ट स्पष्ट करतो. तुझ्या पत्रात तू हा प्रश्न तारखेचा समजलीस. तो तारखेचा नाही. तेरा तारखेला हिरामण जिवंत असेल, तर मी माझ्या धाकट्या भावाला जिवंतपणी टेबलावर पाठवले. तो मृत असेल, तर मी एका मृताचे दान केले, जे आपल्या धम्मात उत्तम दान मानतात असे पुण्यानुमोदनाच्या दिवशी बौद्धाचार्यांनी सर्वांसमोर सांगितले होते. या दोन गोष्टींत जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर तुझ्या पत्राने माझ्या आणि चांगुणाच्या मध्ये पाडले. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. तू पुस्तकात होते ते लिहिलेस.

परंतु आता मला पुढील माहिती हवी आहे. ते पुस्तक कोणत्या वर्षी छापलेले आहे? चार डॉक्टरांनी मला जो कायदा सांगितला, त्याचा उल्लेख त्या पुस्तकात आहे काय? नसल्यास, पुस्तक आणि कायदा यांत तुमचे प्राध्यापक कोणते खरे मानतात? एकाच राज्यातल्या एकाच विद्येच्या लोकांना मृत्यू म्हणजे काय यावर दोन मते कशी असू शकतात, हे मला समजत नाही. आमच्या कारखान्याच्या डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, "शेजवळ, सही केलीत ना? मग झालं. आता कशाला उकरता?" हे उत्तर नव्हे.

आणखी एक. ज्या दोघांना ती मूत्रपिंडे बसवली, त्यांची नावे रुग्णालय सांगत नाही. नियम आहे म्हणतात. चांगुणा विचारते, "निदान ते तरी जिवंत आहेत का?" हेही मला माहीत नाही.

तुझा मामा,
जयदेव कोंडाजी शेजवळ
बेलवली, बदलापूर (प.)
२९ सप्टेंबर १९९७


मुलींचे वसतिगृह, नागपूर
१९ ऑक्टोबर १९९७

मामा,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी तारीख सांगत होते आणि तुम्ही काय विचारत होतात! मला माफ करा. मामींनाही सांगा. पण आधी सगळं वाचा, मग सांगा.

पुस्तक. लायब्ररीची प्रत, कोपरे फाटलेली, सिनियरांनी पेन्सिलीने खुणा केलेली. मी पहिल्यांदाच मागचं पान उघडून वर्ष बघितलं. तुम्ही सांगत होता तो कायदा ९४ सालचा आहे. पुस्तक त्याच्या कितीतरी आधीचं. आम्ही सगळे त्यावरच पास होतो.

मी न्यायवैद्यकच्या सरांकडे गेले. सगळं सांगितलं, फक्त ते माझे मामा हे नाही सांगितलं. ते म्हणाले, "घरातलीच गोष्ट दिसते." कसं कळलं कोण जाणे; बहुधा माझा चेहरा. मग म्हणाले, "हे बघ, परीक्षेत विचारलं तर पुस्तकातलं लिही. वॉर्डात विचारलं तर कायद्यातलं सांग. दोन्ही लक्षात ठेव." मी म्हटलं, "सर, खरं कुठलं?" ते म्हणाले, "तू अजून दुसऱ्या वर्षाला आहेस."

मग भूलशास्त्राच्या एका मॅडमना गाठलं. त्या अतिदक्षता विभाग बघतात. त्या म्हणाल्या, "वाचून कळणार नाही. ये." आणि मला आत नेलं. तिथे एक पेशंट होता, ट्रकखाली आलेला. मामा, मी तो बघितला. छाती वरखाली होत होती. मॅडमनी मला हात लावायला सांगितलं. गरम होता. मग त्यांनी एकेक करून दाखवलं. डोळ्यांवर टॉर्च मारला, बाहुली हलली नाही. कानात बर्फाचं पाणी सोडलं, डोळे तसेच. घशात नळी हलवली, खोकला नाही. मग यंत्र काही वेळ बाजूला केलं, नुसता प्राणवायू चालू ठेवला. आम्ही सगळे त्याच्या छातीकडे बघत उभे. छाती हलली नाही. एकदाही नाही. मग यंत्र परत लावलं आणि ती पुन्हा वरखाली व्हायला लागली, अगदी आधीसारखी, जणू काही झालंच नाही.

मॅडम म्हणाल्या, "बघितलंस? श्वास याचा नाही. यंत्राचा आहे. हृदय स्वतःच्या बळावर धडधडतं, त्याला मेंदूची गरज नाही. प्राणवायू मिळतोय तोवर ते चालतं. पण श्वास घेणारा, ऐकणारा, कोणाला ओळखणारा जो होता, तो गेला. आणि परत येत नाही."

मामा, तुमच्या चार डॉक्टरांनी हेच केलं. दोनदा केलं. म्हणजे हिरामणमामा बारा तारखेलाच गेले. दाखला बरोबर आहे. तुमची सही बरोबर आहे. तुम्ही कोणालाही जिवंत टेबलावर पाठवलं नाहीत. हे मी आता पुस्तकातून नाही, डोळ्यांनी बघून लिहिते आहे.

आणि ते बोट. तेही मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, असं होतं. मेंदू गेल्यावरही पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू काही तास काम करतो. हाताला स्पर्श झाला की बोटं मिटतात, पाय हलतात, एखाद्या वेळी तर हात वर येतो. नर्सेसही घाबरतात. पण त्यात माणूस नसतो. मामींना नीट समजावून सांगा: ते बोट मामांनी धरलं नव्हतं. त्यांची बोटं नुसत्या कण्यामुळे मिटली होती. मामांना काही कळत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं, दुखतही नव्हतं.

हे पत्र त्यांना पूर्ण वाचून दाखवा. मागचं वाचलंत तसंच, पहिल्या ओळीपासून. मग त्यांचा राग जाईल.

एक गोष्ट मात्र मलाच समजत नाही. निघताना त्या पेशंटच्या हाताला माझा हात परत लागला आणि माझ्या तोंडून "सॉरी" निघालं. मॅडम हसल्या नाहीत. मला सगळं माहीत होतं, आत्ताच बघितलं होतं. मग मी कोणाला सॉरी म्हणाले?

दिवाळीला येत नाही, टर्म परीक्षा आहे.

तुमची उत्पला


कॅम्प पाच, उल्हासनगर
३ नोव्हेंबर १९९७

सौभाग्यकांक्षिणी उत्पला,
तुझ्या मामीचा जयभीम.

मी सातवीपर्यंत शिकलेली आहे, अक्षर चांगलं नाही, समजून घे. पुष्पाभाभी म्हणत होत्या आम्ही लिहून देतो, पण त्यांना हिंदीत लिवता येतं आणि मला हे हिंदीत नाही सांगता येत.

तुझ्या मामांशी मी बोलत नाही हे तुला कळलंच असेल. दिवाळीला ते दाराशी फराळ ठेवून गेले. मी आतून बघत होते. बोलले नाही.

तुला एक विचारायचं आहे. दादांना विचारता येत नाही आणि दुसऱ्या कोणाला हे सांगितलेलं नाही.

त्या सकाळी मला आत सोडलं तेव्हा बाई म्हणाली, पाच मिनिटं. मी त्यांच्याजवळ गेले. आदल्या दिवसापासून सगळे मला म्हणत होते, धीर धर, काहीतरी होईल. मला दिसत होतं काही होणार नाही. मी त्यांच्या कानाशी गेले आणि म्हणाले, आता जावा. घराची काळजी करू नका. मी बघते. मग म्हणाले, दादांनी सही केली आहे, तुमचं काहीतरी देणार आहेत दुसऱ्या कोणाला, राग मानू नका. आणि बोट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी धरलं. घट्ट नाही. पण धरलं.

उत्पला, त्यांनी ऐकलं का?

ऐकलं असेल तर मी त्यांना निरोप दिला आणि ते निरोप घेऊन गेले. आणि दादांच्या सहीला त्यांचीही परवानगी होती. मग माझा कोणावर राग नाही. आणि नसेल ऐकलं, तर मी भिंतीशी बोलले, आणि मागे राहिली ती नुसती सही.

पण ऐकलं असेल तर ते जिवंत होते. जिवंत होते म्हणून दादांचा राग येतो आणि जिवंत होते म्हणूनच मला बरं वाटतं. दोन्ही एकाच वेळी. माझं डोकं चालत नाही. भाजी चिरताना मी थांबते आणि कोणती भाजी हेच विसरते.

तू डॉक्टर होणार आहेस. मागच्या पत्रात तू लिहिलंस जिवंत होते. आता एवढंच सांग, ऐकू येत होतं का. दुसरं काही नको. तब्येतीला जप. गोधडी तुझ्या आईने पाठवली का?

तुझी मामी,
चांगुणा


चि. उत्पला हिस,
सप्रेम जयभीम.

तुझे एकोणीस तारखेचे पत्र मला दिवाळीपूर्वीच मिळाले होते. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण त्याप्रमाणे कृती करूनच उत्तर द्यावे असे मी ठरवले होते, आणि कृती तू सांगितलीस तशी झाली नाही.

तुझे पत्र मी अनेकदा वाचले. त्यात काही तपासून पाहण्याजोगे राहिलेले नाही. कित्येक आठवड्यांनंतर त्या दिवशी मी घरी व्यवस्थित जेवलो. तुझी थोरली मामी म्हणाली, "आज चपाती वाढू का विचारायची गरजच पडली नाही." फराळ द्यायला गेलो तेव्हाच ते पत्र खिशात होते, परंतु चांगुणाने दार उघडले नाही. आज रविवारी पुन्हा गेलो. दार उघडे होते.

मी उंबऱ्याशीच उभा राहिलो. तिने मला पाहिले आणि, त्या दिवसानंतर प्रथमच, स्वतःहून बोलली.

"पोरीचं पत्र आलं का?"

"आले आहे."

"मीही टाकलंय तिला. तिचं उत्तर अजून आलं नाही." ती बाहेर आली. "दादा, तुम्हाला सांगते. तिला एवढंच विचारलंय, त्यांनी माझं ऐकलं का म्हणून. त्या सकाळी मी त्यांना सांगितलं होतं, जावा म्हणून. आणि तुमच्या सहीचंही सांगितलं होतं. ऐकलं असेल ना, तर बास. मग माझं कोणाशी भांडण नाही."

आणि तिने मला तिचे बोट दाखवले. उजव्या हाताची तर्जनी. काही दाखवण्यासारखे त्यावर नव्हते.

उत्पला, माझा चष्मा तेव्हा डोळ्यांवर होता आणि तुझे पत्र हातात उघडलेले होते. ज्या पानावर ‘आणि ते बोट’ असे सुरू होते, तेच पान वर होते. मी ते वाचायला आलो होतो. ते वाचले असते तर मी निर्दोष ठरलो असतो. मी पत्राची घडी घातली.

"काय लिहिते?" तिने विचारले.

मी म्हणालो, "नक्की सांगता येत नाही, असे लिहिते."

"एवढी पानं भरून?"

"एवढी पाने भरून."

शेजारच्या ओट्यावरून पुष्पाभाभी म्हणाल्या, "इतने पन्नों में ‘पता नहीं’? लड़की डॉक्टरी पढ़ रही है कि वकालत?"

चांगुणा हसली. ऑगस्टनंतर मी तिला हसताना पाहिले नव्हते. मग ती अंगणात वाळत घातलेले कपडे काढू लागली.

"डॉक्टर होणाऱ्या पोरीलाच कळत नाही," ती म्हणाली, "तर तुम्हाला काय कळणार होतं, दादा? तुम्ही तर हिशेबातले. त्या चार जणांनी सांगितलं, तुम्ही सही केली. मीच उगीच..." तिने कपडे खांद्यावर टाकले. "आत या. चहा टाकते. साखर कमीच ना?"

मी आत गेलो आणि चहा घेतला.

आता मी ज्या अवस्थेत आहे, तिचे वर्णन तुला करतो, कारण ती मला उलगडत नाही. मला माफी मिळाली ती, मला काही कळले नव्हते, या समजुतीवर. प्रत्यक्षात मला कळले होते. त्या चार डॉक्टरांना मी प्रत्येक तपासणीविषयी विचारले होते, दुसऱ्यांदा का केली तेही विचारले होते, आणि समजल्यावरच सही केली होती. म्हणजे जी गोष्ट मी केली तिच्याबद्दल मी दोषी ठरलो, आणि जी गोष्ट मी केलीच नाही तिच्यामुळे सुटलो. माझी बाजू पूर्णपणे सिद्ध करणारे पत्र माझ्याजवळ आहे आणि ते मला कोणालाही दाखवता येणार नाही. हे बरोबर झाले की चूक, असे मी तुझ्या आईला विचारले. ती म्हणाली, "भाऊ, चहा पाजला ना तिनं? मग गप्प बस."

धोंडिबा मिस्त्रींचा निरोप आला, म्हणून आम्ही दोघे कारखान्यात गेलो. कपाट झाले आहे. हिरामणने जसे केले असते तसे पॉलिश झालेले नाही, असे चांगुणा म्हणाली. धोंडिबांनी मान्य केले. "बोला वहिनी, बारा का तेरा?" त्यांनी विचारले. चांगुणा म्हणाली, तेरा. धोंडिबांनी माझ्याकडे पाहिले. दाखल्याची प्रत माझ्या पाकिटात होती, ती त्यांनी पूर्वी पाहिलेली आहे. मी म्हणालो, "तेरा लिहा." माहीत असलेल्या कागदाविरुद्ध मी लिहून घेतलेली ही पहिलीच तारीख. ती चूक आहे, असे तुझ्या पत्रावरून म्हणावे लागते. ब्रश लाकडावर चालत असताना मात्र मला ती चूक वाटत नव्हती, आणि आता घरी बसून लिहिताना पुन्हा वाटते आहे. सहा डिसेंबरला विहारात मी आणि चांगुणा दोघे जाणार आहोत.

आता तुझ्याविषयी. तिचे पत्र तुझ्याकडे पोहोचले आहे आणि ती तुझ्या उत्तराची वाट पाहत आहे. तू काय लिहावेस हे मी सांगणार नाही. तू जे डोळ्यांनी पाहिलेस ते खरे आहे, आणि खरे ते सोडून काही लिही असे तुला सांगण्याचा अधिकार मला नाही. विशेषतः मला नाही, ज्याने तुझ्याकडून कारणांसह उत्तर मागितले होते. तू त्या अनोळखी माणसाला ‘सॉरी’ म्हणालीस, ते कोणाला, असे मला विचारलेस. त्याचेही उत्तर मला येत नाही. बहुधा चांगुणा ज्याला ‘जावा’ म्हणाली, त्यालाच.

जो ऐकू शकत नव्हता त्याच्याशी बोललेल्या माणसाला काय उत्तर द्यावे, हे तुमच्या अभ्यासक्रमात कोणत्या वर्षी शिकवतात? शिकवत असतील तर त्याप्रमाणे लिही. शिकवत नसतील, तर मी उंबऱ्याशी सांगितले तसे लिही.

गोधडी तुझ्या आईने बुधवारी पार्सल केली आहे.

तुझा मामा,
जयदेव कोंडाजी शेजवळ
बेलवली, बदलापूर (प.)
१६ नोव्हेंबर १९९७